जुनी परदेशी नाणी : घासण्याआधी आणि विकण्याआधी या चुका टाळा

सातारा-सांगलीकडच्या जुन्या ट्रंकांत परदेशी नाणी निघतात यात नवल नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पहिल्या महायुद्धात माणसं गेली, मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, १९४१ साली एरिट्रियातल्या केरेनला लढल्या. येताना खिशातून चिल्लर आलीच. नवल याचं, की ट्रंक उघडल्यावर तासाभरात त्या चिल्लरीची वाट लावली जाते.

घासू नका. हे हजारदा सांगून झालं, तरी घासतात.

साताऱ्यातल्या एका घरी चांदीची पाच-सहा तुर्की नाणी निघाली. वयाने आलेला करडा-निळसर थर, अक्षरं ठसठशीत. रविवारी गिऱ्हाईक येणार म्हणून शनिवारी घरच्यांनी देवाची भांडी घासतात तशी चिंच-रांगोळीने ती लख्ख केली. गिऱ्हाइकाने भिंग लावलं आणि थेट मोडीचा भाव सांगितला. घासण्यात थर गेला होता आणि रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड, तिने चांदीवर केसासारख्या समांतर रेघा ओढल्या होत्या. दहापटीच्या भिंगात त्या लपत नाहीत. न घासलेलं कोरं नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेलं सगळीकडून सारखंच चमकतं, ताटासारखं. गेलेला थर परत येत नाही.

माती असेल तर नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, पाणी दोनदा बदला, सुती कापडावर टिपा. पुसू नका. २०१९च्या महापुरात सांगलीत ज्यांचे अल्बम भिजले, त्यांच्यातली टूथब्रश न उचललेली मंडळीच सुटली. प्लास्टिकच्या पाकिटामुळे हिरवा चिकट थर आला असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध अॅसिटोन, पाच मिनिटं, खिडकी उघडी, गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो.

दुसरी लाडकी चूक म्हणजे नाण्यावरचं साल हेच त्याचं वय समजणं. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचं चांदीचं नाणं, थालर घ्या. राणी १७८०मध्ये वारली, पण व्यापारात त्याच नाण्याला मागणी होती म्हणून पुढची दीडशेहून अधिक वर्षं १७८० हेच साल घालून ते पाडत राहिले. व्हिएन्ना, लंडन, रोम, इतकंच काय, १९४०-४१मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. म्हणजे 'अडीचशे वर्षांचं' म्हणून मिरवलं जाणारं नाणं आजोबांपेक्षा लहान असू शकतं. नव्या छापाला बहुधा चांदीच्या भावाच्या थोडं वर मिळतं. हिशोब सोपा आहे : वजन २८.०७ ग्रॅम, चांदी हजारात ८३३ भाग, म्हणजे शुद्ध चांदी २३.३९ ग्रॅम.

तुर्की नाण्यावर १२९३ असेल तर ते हिजरी साल, तेही सुलतान गादीवर आल्याचं. हिजरी साल गुणिले ०.९७, अधिक ६२२ : १८७६. नाणं पाडल्याचं वर्ष काढायला नाण्यावर दुसरीकडे असलेला छोटा आकडा बघावा लागतो. तो ३२ असेल तर नाणं १९०६च्या आसपासचं. तेराव्या शतकातलं म्हणून जाहिरात टाकू नका, लोक हसतात.

खरंखोटं ठरवायला लोक आधी लोहचुंबक काढतात. चांदीचं म्हणून दिलेलं नाणं चिकटलं तर खोटं, बरोबर. पण पितळही चिकटत नाही, त्यामुळे न चिकटणं हा पुरावा नव्हे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला, भिंतीला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. थालरसाठी काटा २.७५ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्याने भागा, घनता १०.२ यायला हवी. पितळाची साडेआठच्या जवळ येते. मग कड बघा : थालरवर उठावदार अक्षरं असतात. ओतीव नकलेच्या कडेला बहुधा सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे सापडतात. अमेरिकेच्या चांदीच्या 'ट्रेड डॉलर' नाण्यावर १८७३च्या आधीचं साल दिसलं तर काटाही काढू नका, तो डॉलर त्याआधी नव्हताच.

सराफाला कसोटीवर घासू देऊ नका, कानस तर नाहीच. धातू तपासणाऱ्या एक्स-रे मशीनवर तपासून घ्या, पण ते वरचाच थर वाचतं. चांदीचा मुलामाही पास होतो. म्हणून काटा आणि पाणी आधी.

राम-सीता आणि १८१८ असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा 'आणा' : कंपनीने असलं नाणं कधी पाडलं नाही. विषय संपला.

भावाचं म्हणाल तर मागितलेली किंमत हा भाव नव्हे. लिलावात विकल्या गेलेल्या, त्याच छापाच्या आणि त्याच अवस्थेच्या तीन-चार नाण्यांच्या किमती काढा आणि त्यातली सर्वात मोठी सोडून द्या. 'या नाण्याचे पाच लाख' म्हणणाऱ्या व्हिडिओखालच्या नंबरवर नोंदणी फी मागितली जाते. रिझर्व्ह बँकेने २०२१मध्येच सांगितलंय की ती असल्या व्यवहारांत नाही आणि कुणाकडून फीही घेत नाही.