घरातील कॉफी ताजी कशी ठेवावी

भाजलेल्या कॉफीचा सुगंध दाणे भट्टीतून बाहेर पडल्यापासूनच उतरू लागतो आणि कोणताही डबा ही झीज पूर्णपणे थांबवू शकत नाही; ती मंद करणे एवढेच आपल्या हाती असते. हवेतील प्राणवायू, ओलावा, उष्णता आणि उजेड ही या झिजेची चार कारणे आहेत. त्यांपैकी मुंबईत, कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना ओलाव्याचा त्रास सर्वाधिक होतो, कारण तेथे पावसाळ्यात हवेतील आर्द्रता कित्येक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे थंड आणि कोरड्या हवेच्या प्रदेशांसाठी दिलेल्या सूचना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. पुढील पद्धत चिक्कमगळूरु किंवा कोडगूकडच्या कॉफीचे दाणे अथवा पूड आणून घरी फिल्टर कॉफी करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे.

ओलावा कॉफीत किती खोलवर शिरतो, हे ‘मॉन्सून्ड मलबार’ या प्रकारावरून स्पष्ट दिसते. कर्नाटक आणि केरळच्या किनाऱ्यावरील गोदामांत कच्चे दाणे मुद्दाम पावसाळी वाऱ्यात पसरून ठेवतात. काही आठवड्यांत ते फुगतात, त्यांचा हिरवट रंग जाऊन फिकट पिवळा येतो आणि चवीतील आंबटपणा बराच कमी होतो. तेथे हा बदल हवा असतो आणि तो भाजण्यापूर्वी घडवला जातो. भाजताना मात्र दाण्यातील बहुतेक पाणी निघून जाते, दाणा सच्छिद्र होतो आणि हवेतील दमटपणा ओढून घेण्यास तो अधिकच तयार असतो. अशा वेळी शिरलेल्या ओलाव्याने फक्त नुकसान होते.

पहिली पायरी : बेताने खरेदी

साठवणुकीचा अर्धा प्रश्न दुकानातच सुटतो. एका कपाला साधारण 10 ग्रॅम पूड धरली, तर दिवसाला चार कप कॉफी करणाऱ्या घरात पाव किलो पूड सहा दिवसांत संपते, तर रोज एकच कप पिणाऱ्याला ती पंचवीस दिवस पुरते. दळलेली पूड पिशवी उघडल्यापासून एक ते दोन आठवड्यांत आणि अख्खे दाणे तीन ते चार आठवड्यांत संपावेत, असा हिशेब ठेवावा. याचा अर्थ असा की, एकट्या माणसाने एका वेळी 100 ग्रॅमच पूड घ्यावी, मग मोठे पाकीट कितीही स्वस्त पडत असो.

शक्य असल्यास दाणे घ्यावेत आणि लागतील तसे दळावेत. दळल्यावर हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, त्यामुळे पुडीचा वास दाण्यांपेक्षा फार लवकर उडतो. मात्र गरम मसाल्याच्या भांड्यात कॉफी कधीही दळू नये. धण्या-जिऱ्याचा वास धुऊनही पूर्ण जात नाही. घरी दळण्याची सोय नसेल, तर माटुंग्यातील जुन्या दुकानांप्रमाणे जेथे समोर दळून देतात, तेथून थोडी थोडी पूड आणणे हा उत्तम पर्याय आहे. यंत्रातून नुकतीच निघालेली पूड कोमट असते. ती गार झाल्यावरच डब्यात भरावी.

पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेली असेल तर ती पाहावी, कारण भरल्याची तारीख बरीच नंतरची असू शकते. चिकोरीचे, म्हणजे कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचे, प्रमाणही वाचावे. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत असू शकते. चिकोरी ओलावा झपाट्याने शोषते, त्यामुळे तिचे प्रमाण जितके जास्त तितकी पूड लवकर सादळते आणि तिच्या गुठळ्या होतात. पावसाळ्यात शुद्ध कॉफी आणि चिकोरी वेगवेगळी आणून आठवड्यापुरतीच एकत्र करणे अधिक चांगले.

दुसरी पायरी : डबा

झाकणाला रबरी कडे असलेली काचेची बरणी किंवा घट्ट बसणाऱ्या झाकणाचा स्टीलचा डबा वापरावा. आपल्या घरांतील नेहमीच्या स्टीलच्या डब्यांची झाकणे बहुधा सैल असतात. डब्यात कागदाचा कोरडा तुकडा ठेवून तो बंद करावा आणि क्षणभर पाण्यात बुडवावा; कागद ओला झाला तर तो डबा कॉफीच्या उपयोगाचा नाही. प्लॅस्टिकला आधीच्या पदार्थाचा वास धरून राहतो, म्हणून लोणच्याचा किंवा मसाल्याचा प्लॅस्टिकचा डबा टाळावा.

डबा कॉफीच्या मानाने मोठा नसावा, कारण रिकाम्या जागेत हवाच भरलेली असते. मी दोन भांड्यांची व्यवस्था आग्रहाने सुचवेन : रोजच्या वापरासाठी तीन-चार दिवसांची पूड मावेल एवढी लहान बरणी आणि उरलेल्या कॉफीसाठी दुसरा डबा, जो लहान बरणी रिकामी झाल्यावरच उघडायचा. यामुळे मोठ्या साठ्याला दिवसातून चारदा हवा लागत नाही.

अगदी ताज्या भाजलेल्या दाण्यांतून पहिले काही दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. कॉफीच्या पाकिटांवर दिसणारी छोटी गोल झडप हा वायू बाहेर सोडण्यासाठीच असते. ती बाहेरची हवा आत येऊ देत नाही. असे पाकीट असेल, तर दाणे बरणीत ओतण्याची घाई करू नये. पाकिटातील हवा दाबून काढावी, तोंड घट्ट दुमडून चिमटा लावावा आणि पाकीटच डब्यात ठेवावे.

जुन्या पुडीवर नवी पूड ओतू नये. कॉफीतील तेल डब्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहते आणि कालांतराने खवट होते, म्हणून प्रत्येक खेपेला डबा साबणाने धुऊन, पुसून, उन्हात पूर्ण वाळवून मगच भरावा.

तिसरी पायरी : जागा आणि रोजची हाताळणी

शेगडीच्या वरची मांडणी हाताशी असली, तरी कॉफीसाठी ती सर्वांत वाईट जागा आहे, कारण तेथे उष्णता आणि वाफ दोन्ही पोहोचतात. ओट्यापासून दूर असलेले, बंद दाराचे, भिंतीला ओल नसलेले फडताळ निवडावे. काचेची बरणी वापरणाऱ्यांनी उजेडासाठी हे पथ्य विशेष पाळावे.

चमचा कोरडाच असावा. उकळत्या दुधाच्या पातेल्यावर डबा धरून पूड काढण्याची सवय सोडावी. तेवढ्या वाफेनेही वरचा थर ओलसर होतो.

फ्रीज आणि फ्रीझर

रोजच्या वापराची कॉफी फ्रीजमध्ये ठेवू नये. थंड डबा बाहेर काढून उघडला की दमट हवेतील पाणी थेट पुडीवर जमते, आणि हे दिवसातून दोनदा घडले तर काही दिवसांतच चव बसते. शिवाय चिरलेल्या कांद्याचा वास कॉफी सहज ओढून घेते.

फ्रीझरचे तसे नाही. गावाहून किंवा प्रवासातून जास्त कॉफी आली असेल, तर आठवड्यापुरत्या लहान पुड्या करून, हवा काढून, दुहेरी पिशवीत बंद करून त्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. तेथे त्या दोन-तीन महिने चांगल्या राहतात. एक पुडी बाहेर काढावी, न उघडता रात्रभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच फोडावी. फोडलेली पुडी पुन्हा गोठवू नये. जेथे वीज तासन्‌तास जाते, तेथे मात्र या उपायावर विसंबू नये.

ताजेपणा कसा ओळखावा

पुडीवर थोडे गरम पाणी घालून पाहावे. ताजी पूड फुगते आणि तिच्यावर फेसाचे बुडबुडे येतात. जुनी पूड तशीच बसून राहते. वास फिका झालेली कॉफी अपायकारक नसते, ती साखर-दूध घालून केलेल्या कोल्ड कॉफीत खपवता येते. रंगाच्या तेलासारखा खवट दर्प आला किंवा गुठळ्यांवर बुरशी दिसली, तर सगळी पूड टाकून द्यावी. वरचा थर काढून खालची वापरू नये.

फिल्टरमधून काढलेले डिकॉक्शन त्याच दिवशी वापरावे. उरलेच तर झाकणाच्या काचेच्या भांड्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संपवावे. इन्स्टंट कॉफीला हवेपेक्षा ओलाव्याचे भय अधिक असते : बाटलीच्या तोंडावरचा कागद पूर्ण फाडून काढावा, म्हणजे झाकण नीट बसते, आणि पावसाळ्यात मोठ्या बाटलीऐवजी एकेका कपाच्या पुड्या आणाव्यात.