वरच्या लेअरचा शोध शून्यापासून सुरू करू नका

स्केलेबल व्हिडिओवर, म्हणजे लहान चित्राचा बेस लेअर आणि त्याच्या आधाराने मोठ्या चित्राचा वरचा लेअर ठेवणाऱ्या व्हिडिओवर, प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना मी आधी दोन क्लिप शूट करून आणायला लावतो. एक नागपूरच्या बर्डीवरून जाणाऱ्या मेट्रोची आणि दुसरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबत मिरवणुकीची. एन्कोडर फ्रेमचे छोटे ब्लॉक पाडतो आणि प्रत्येक ब्लॉक दुसऱ्या फ्रेममध्ये कुठे होता ते शोधतो; त्या सरकण्याला वेक्टर म्हणतात. मेट्रोत डब्यावरचे सगळे ब्लॉक एकाच दिशेने सरकतात. मारबतीच्या गर्दीत शेजारशेजारचे ब्लॉकही वेगवेगळ्या दिशांना जातात. शोधाच्या पद्धतीत केलेला बदल दोन्हींवर टिकला, तरच तो ठेवा.

आता एसव्हीसीबद्दल, म्हणजे एच.२६४ या व्हिडिओ मानकाच्या स्केलेबल विस्ताराबद्दल. बेस लेअर ६४०×३६०, वरचा १२८०×७२०. बेसमध्ये मेट्रोचा डबा एका फ्रेममध्ये ११ पिक्सेल सरकला, तर वर तो २२ सरकणार. वेक्टर पाव पिक्सेलच्या मापात असतो, म्हणून ४४ चा ८८ करा आणि तिथूनच शोध सुरू करा. भोवती चार-पाच पिक्सेलपर्यंतचा शोध बहुतेकदा पुरतो. शेजारच्या ब्लॉक्सच्या वेक्टरांचा मीडियन (मधली किंमत) आणि शून्य वेक्टर हे उमेदवारही तपासाच. मारबतीत बेसचा वेक्टर अनेकदा दोन माणसांच्या मधला कुठला तरी निघतो. निवड मात्र नुसत्या एसएडीवर (दोन ब्लॉकमधल्या पिक्सेल-फरकांची बेरीज) करू नका, त्यात लॅम्डा (बिटांना किती वजन द्यायचं तो आकडा) गुणिले वेक्टरचे बिट मिळवा. बेस मोडमध्ये, म्हणजे बेसचाच वेक्टर मोठा करून वापरताना, वेक्टरसाठी वेगळे बिट लागत नाहीत, त्यामुळे थोडा जास्त एसएडी असूनही तो पुष्कळदा जिंकतो.

खरी गोम मेट्रोच्या खिडक्यांमध्ये आहे. सगळ्या सारख्या, ठरावीक अंतरावर. ब्लॉक एक खिडकी सोडून पुढच्या खिडकीवर जाऊन बसतो, एसएडी छान कमी दिसतो आणि वेक्टर साफ चुकलेला असतो. बेसमध्ये हे झालं की चूक दुप्पट होऊन वर जाते. म्हणून बेसच्या शोधात लॅम्डा जरा चढा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. बेसचे काही बिट वाढले तरी चालतील, पण वेक्टर शेजाऱ्यांशी जुळणारे हवेत.

हायरार्किकल बी-फ्रेम (आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमवरून पातळ्यांनी बांधलेल्या) वापरत असाल तर अंतराचाही विचार करा. ८ फ्रेमच्या जीओपीत (फ्रेमच्या गटात) तोच डबा वरच्या लेअरमध्ये दोन की-फ्रेमच्या, म्हणजे गटाच्या टोकाच्या फ्रेमच्या, दरम्यान १७६ पिक्सेल सरकतो. ±६४ पिक्सेलच्या शोधाला तो सापडणारच नाही. एन्कोडिंगच्या आधी मूळ फ्रेमवर लागोपाठचे वेक्टर काढा, त्यांची साखळीने बेरीज करा आणि ती सुरुवात म्हणून द्या. पाव पिक्सेलचं बारीक काम नंतर डीकोड झालेल्या फ्रेमवरच करा.

मोजताना प्रत्येक लेअरचा बीडी-रेट (त्याच दर्जासाठी सरासरी किती टक्के बिट कमी-जास्त लागले) वेगळा काढा. वरच्या लेअरचा फायदा बेसच्या नुकसानीतून आलेला असू शकतो.

२०१४ च्या एसएचव्हीसीत, म्हणजे एच.२६५ च्या स्केलेबल विस्तारात, बेसचं मोठं केलेलं चित्रच संदर्भ-चित्र म्हणून येतं. त्याच्याकडे जाणारा वेक्टर शून्यच असावा, असं मानकातच बंधन आहे. तिथला शोध सरळ बंद करा आणि वाचलेला वेळ आधीच्या फ्रेममधल्या शोधाला द्या.