निराधारच्या अर्जासोबतचे कागद कसे सांभाळावेत

संजय गांधी निराधार योजनेचा, म्हणजे निराधारांना सरकारी अनुदान देणाऱ्या योजनेचा, अर्ज भरून घ्यायला बायका माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा नसतो. "ताई, गावात कळेल का हो?" हा असतो. मी खरं तेच सांगते. मदत मिळते हे कळेल. कशामुळे मिळते आणि कुठल्या खात्यात जमा होते, हे कुणाला कळायचं कारण नाही.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अनुदान योजनांचे लाभार्थी आणि रकमा सरकारनेच जाहीर करायच्या असतात. माझ्या मते ते बरंच आहे. यादी लागते म्हणून तर मेलेल्या माणसाच्या नावावर कोण पैसे उचलतंय ते दिसतं. तेव्हा यादीत नाव आलं म्हणून भांडू नका. आधारचा पूर्ण नंबर छापला असेल तर मात्र जरूर भांडा, कारण आधार कायद्याच्या कलम २९ मध्ये त्याला मनाई आहे. एकदा अशी यादी खाते क्रमांकांसकट एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरताना मी पाहिली आहे. असं झालं तर त्या पानाचा फोटो जोडून तहसीलदारांच्या नावे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी बोललेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

कागद फुटतात ते बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानात. आपण पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर टाकतो, तो ती कॉम्प्युटरवर उतरवून प्रिंट काढतो आणि फाईल तिथेच पडून राहते. ई-आधारला, म्हणजे डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफला, पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका; नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो. प्रिंट हातात आली की 'डाउनलोड्स'मधली फाईल समोर उभं राहून पुसायला लावा. बिघडलेली प्रतही मागून घ्या. प्रत्येक प्रतीवर तिरकं लिहा: "फक्त संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी", खाली तारीख आणि सही. अक्षरं छापील मजकुरावरून जाऊ द्या, नंबर तेवढा वाचता आला पाहिजे. कोऱ्या जागेत लिहिलं तर ते झाकून दुसरी झेरॉक्स काढता येते.

तहसीलला आधारचा पूर्ण नंबर द्यावाच लागतो. इतर ठिकाणी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतंय का, ते आधी विचारा. बायोमेट्रिक, म्हणजे आधारला जोडलेले बोटांचे ठसे वगैरे, लॉक करायची सोयही आहे, पण ज्यांना दरमहा रेशनला अंगठा लावायचा आहे त्यांना मी ती सुचवत नाही. ऐन रांगेत खोळंबा होतो.

आजाराचा दाखला वेगळ्या बंद पाकिटात द्या. कागदांच्या यादीत नुसतं "वैद्यकीय दाखला" लिहा, आजाराचं नाव नको. एचआयव्ही असेल तर २०१७ च्या कायद्याने ती माहिती संमतीशिवाय उघड करता येत नाही. टेबलावरचा कारकून मोठ्याने विचारायला लागला तर "कागदात लिहिलंय, साहेब" एवढंच म्हणा.

कधी भावकीतलंच कुणी माहिती अधिकारात तुमची फाईल मागतं. मग तुम्हाला 'त्रयस्थ पक्ष', म्हणजे जिची माहिती मागितली आहे ती व्यक्ती, म्हणून नोटीस येऊ शकते. ती पाहून घाबरून घडी घालून ठेवू नका. मिळाल्यापासून दहा दिवसांत लिहून द्या की दाखला, पासबुक आणि आधारची प्रत देण्यास माझी हरकत आहे. तरीही द्यायचं ठरलं, तर तीस दिवसांत अपील करता येतं.

आणि फोन. "तहसीलमधून बोलतोय, अनुदान अडकलंय, ओटीपी सांगा" असं कुणी म्हणालं की सरळ ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेत जा.