पहिल्या ऑटोक्रॉसला जाताना

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कितीतरी मुलामुलींना गाडी चालवायची मनापासून हौस असते. दारात सिव्हिक नाहीतर माझदा थ्री उभी असते, तरी रेसिंग म्हणजे श्रीमंतांचं काम समजून ती लांबच राहतात. ऑटोक्रॉसला रोजची ऑफिसला न्यायची गाडीच चालते. मोठ्या मोकळ्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी कोन मांडून वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि शर्यत असते ती घड्याळाशी. फेरी जेमतेम मिनिटभराची, तीही बरीचशी दुसऱ्या गिअरमध्ये. भारतात ऑटोक्रॉस बहुधा मातीवर होतो आणि एफएमएससीआय या तिथल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांनी चालतो, त्याची तयारी वेगळी. इथे सांगतोय ते एससीसीए म्हणजे ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’च्या ‘सोलो’ नावाच्या ऑटोक्रॉस स्पर्धांबद्दल.

नाव ऑनलाइन नोंदवायचं आणि ते लवकर, कारण जागा भरतात. वर्ग विचारला की नवशिक्यांचा निवडा. गाडी उंच एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन असेल तर आधी आयोजकांना विचारा. उलटण्याच्या भीतीने अशा बऱ्याच गाड्यांना मनाई असते. विम्याची पॉलिसीही एकदा नीट वाचून काढा, स्पर्धेतलं नुकसान अनेक पॉलिसींत धरलेलं नसतं. हेल्मेट मात्र पहिल्या वेळी विकत घेऊ नका. बहुतेक ठिकाणी ते उसनं मिळतं. घ्यायचंच झालं तर आत ‘स्नेल’ या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं स्टिकर हवं आणि तेही अलीकडच्या वर्षाचं. भारतातून आणलेलं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट इथे चालणार नाही.

आदल्या संध्याकाळी गाडीपाशी अर्धा तास द्या. स्पर्धेआधीच्या तपासणीत बघतात त्याच गोष्टी तुम्ही आधी बघा. बॅटरी हाताने हलवून पाहा, ती जागची हलता कामा नये. ब्रेकचं पेडल दाबल्यावर घट्ट लागलं पाहिजे, खाली जात राहता कामा नये. ॲक्सिलरेटर सोडला की झटकन परत यायला हवा. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा. टायरची तार दिसत असेल तर त्या टायरवर जाऊच नका. खाली तेल-पाणी गळत नाही ना, तेही बघा. टाकी निम्मी भरलेली असू द्या. पेट्रोल अगदी तळाला असलं तर लांब वळणात ते एका बाजूला जातं आणि इंजिन अडखळतं.

मग गाडी रिकामी करा, आणि इथे हयगय नको. बाटल्या, चार्जर, मुलाची सीट, डिकीतलं सामान, सगळं बाहेर. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट आठवणीने काढा, ते सरकून पेडलखाली अडकू शकतं. डॅशबोर्डवरचा गणपती नुसता ठेवलेला किंवा दुहेरी टेपने चिकटवलेला असेल तर नमस्कार करून रुमालात गुंडाळा आणि घरीच ठेवा. जोराच्या वळणात तो सुटून आला तर थेट तोंडावर येईल. मैदानावर काढलेल्या वस्तूंसाठी झाकणाचा प्लास्टिकचा डबा न्या, पाऊस आला तर सामान उघड्यावर भिजणार नाही.

गाडीवर पैसे खर्च करायची घाई करू नका. नवे टायर, स्प्रिंग, सगळं नंतर. पहिल्या दिवशी जिंकून देतात ते पाय आणि डोळे. सकाळी वाट चालायला देतात, तेव्हा ती किमान तीनदा चाला. पहिल्या खेपेला फक्त वाट कुठून कुठे जाते ते समजून घ्या, कारण गाडीत बसल्यावर समोर नुसतं कोनांचं रान दिसतं. दुसऱ्यांदा एकटे चाला, गप्पा बाजूला ठेवून, आणि ब्रेक कुठे लावायचा ते ठरवा. तिसऱ्यांदा अधूनमधून सीटच्या उंचीइतकं खाली वाका आणि तिथून पुढचं दार, म्हणजे ज्या दोन कोनांमधून गाडी न्यायची ती जागा, दिसतंय का ते बघा. नवखा माणूस बंपरपुढच्या कोनाकडे बघत राहतो आणि त्याच्यावरच जाऊन आदळतो. नजर त्याच्या पुढच्या कोनावर हवी. हे चालतानाच अंगात मुरवायचं.

प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती खडूने चौकोन आखलेला असतो. कोन आडवा झाला किंवा पूर्णपणे चौकोनाबाहेर गेला तर २ सेकंदांचा दंड. उभा राहून चौकोनाला टेकलेला असेल तर माफ. दार चुकलं तर ती फेरी धरतच नाहीत. लाल झेंडा दिसला की जागीच थांबा, बहुतेकदा फेरी पुन्हा मिळते. पहिल्या फेरीला प्रशिक्षक शेजारी बसायला तयार असेल तर लाजू नका, हो म्हणा.

दिवसाचा बराच वेळ मात्र तुम्ही गाडीबाहेर असाल. प्रत्येकाला मैदानावर उभं राहून पडलेले कोन उचलायची पाळी असते, आणि ती चुकवली तर तुमची वेळ रद्द होऊ शकते. धावत्या गाडीकडे कधीही पाठ करायची नाही, फोन खिशात. बंद बूट, टोपी, सनस्क्रीन आणि भरपूर पाणी हवंच, काँक्रीटवर सावली नसते. खायला पोळीभाजीचा डबा बरा, अशा मैदानांजवळ काही मिळेलच असं नाही.

संध्याकाळी निघण्यापूर्वी टायर निवले की हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर लिहिलेल्या आकड्यावर आणा, नट पुन्हा एकदा तपासा, आणि मॅट व सामान जागेवर ठेवूनच हायवेला लागा.