डोक्यात जाणारी नायिका हवी असणाऱ्यांना कादंबरी कशी सुचवायची

कोणी म्हणालं की एखादी भारी बाई असलेली अलीकडची कादंबरी सांग ना, तर लगेच नावं फेकायची नाहीत. आधी एकच विचारायचं, कुठली नायिका वाचून तुझं डोकं फिरलं होतं आणि तरी पुस्तक खाली ठेववलं नाही? आवडती कोण असं विचारलं की सगळे "स्ट्राँग" कॅरेक्टर म्हणतात आणि स्ट्राँग म्हणजे बहुतेक वेळा कधीच न चुकणारी, अशीला घेऊन काय करायचं.

मग ती बाई आपल्याला कोणाच्या तोंडून कळते ते बघा, माझ्या मते अर्धी गंमत तिथेच असते. हान कांगच्या 'द व्हेजिटेरियन'मधे योंग-हे मांस खाणं सोडते, सुरुवात एवढीच, पण पुढे तीन भागांत नवरा, बहिणीचा नवरा आणि बहीण यांच्या बाजूने गोष्ट येते आणि तिचा स्वतःचा आवाज म्हणजे जवळजवळ फक्त स्वप्नांचे तुकडे. ज्याला सगळं उलगडून हवं असतं त्याला हे देऊ नका, चिडेल. आणि नोबेलवाली लेखिका आहे म्हणून वाच असं सांगून तर अजिबातच नको.

याच्या बरोबर उलटं म्हणजे आर. एफ. क्वांगचं 'यलोफेस' (2023). त्यात जून स्वतःच बोलत असते, मेलेल्या मैत्रिणीचं हस्तलिखित ढापते, स्वतःच्या नावावर छापते आणि दरवेळी असं काही कारण देते की आपण मान डोलावतो आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते. बरेच महिने काही वाचलं नाही म्हणणाऱ्याला हेच द्या, सटासट संपतं.

छोटं हवं असेल तर सायाका मुराताचं 'कन्व्हिनिअन्स स्टोअर वूमन'. केइको 36 वर्षांची, त्यातली 18 वर्षं एकाच दुकानात पार्टटाइम, ती मजेत आहे, त्रास बाकीच्यांना होतोय.

गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' (2018) सुचवताना मात्र आधीच सांगून ठेवा की 80 वर्षांची अम्मा सुरुवातीला बराच वेळ भिंतीकडे तोंड करून नुसती पडून असते. हे न सांगता दिलं की लोक तिथेच सोडतात आणि नंतर ती उठून जे काय करते ते हुकतं. हिंदी येत असेल तर मूळच वाचायला द्या, भाषेचे खेळ फार आहेत.

सांगताना प्लॉट सांगत बसू नका, तिने केलेली एकच विचित्र गोष्ट सांगा आणि गप्प बसा. अर्ध्यात सोडलं तर कुठे सोडलं ते विचारा, पुढचं पुस्तक त्यावरूनच ठरतं. माझी एक मैत्रीण 'यलोफेस' संपवून म्हणाली जूनचं काय चुकलं, तिला पुढचं काय द्यावं याचा मी अजून विचार करतेय.