एकाच पोकेमॉनची अनेक रंगरूपे: नोंद कशी लिहावी

ठाण्यात उपवन तलावाच्या काठी किंवा वाशीला सागर विहारपाशी पोकेमॉन गो (पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडण्याचा फोनवरचा खेळ) खेळणारी मंडळी जमली, की अदलाबदलीची बोलणी बहुधा रंगावर येऊन अडतात. ‘माझ्याकडे निळा शेलॉस आहे’ असे एकाने म्हटले, की ज्याने आजवर फक्त गुलाबी शेलॉस पाहिला आहे त्याला तो शायनी, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाचा दुर्मिळ पोकेमॉन, वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही साधेच असतात, एक पूर्व सागराचा आणि दुसरा पश्चिम सागराचा. गटाची सामाईक यादी ठेवायची असेल, तर असा घोळ टाळण्यासाठी एक नियम सर्वांनी पाळला पाहिजे: रंग हा नोंदीचा शेवटचा भाग असावा, पहिला नव्हे.

नोंदीची सुरुवात राष्ट्रीय पोकेडेक्समधील, म्हणजे सर्व पोकेमॉनच्या अधिकृत क्रमवार यादीतील, क्रमांकाने करावी. मॅजिकार्प हे नाव देवनागरीत चार जण चार प्रकारे लिहितील, पण 129 हा क्रमांक सर्वांचा एकच राहतो. (2023पासून पोकेमॉन गो हिंदीत उपलब्ध आहे, नावांच्या लेखनावरून वाद होत असेल तर त्यातील देवनागरी रूप प्रमाण मानावे.) क्रमांक आणि नाव यांच्यानंतर रूप (त्याच पोकेमॉनचा प्रदेशानुसार किंवा अन्य कारणाने ठरलेला प्रकार), मग साधा की शायनी आणि सर्वांत शेवटी रंग लिहावा. उदाहरणार्थ:

422, शेलॉस, पूर्व सागर, साधा, निळा
422, शेलॉस, पश्चिम सागर, साधा, गुलाबी
037, व्हल्पिक्स, अलोला, साधा, पांढरा
129, मॅजिकार्प, मूळ, शायनी, सोनेरी

‘रूप’ आणि ‘शायनी’ हे दोन रकाने वेगळे ठेवण्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. अलोला प्रदेशातील व्हल्पिक्स 2016 साली सन आणि मून या खेळांत आला. तो पांढरा असला तरी ते त्याचे नेहमीचेच रूप आहे आणि त्याचा शायनी पुन्हा निराळा असतो. फ्लाबेबेच्या फुलाचे पाच रंग आहेत, तेही रूपाच्या रकान्यात जातात. हिप्पोडॉनचा (450) नर तपकिरी आणि मादी गडद राखाडी असते, म्हणून तेथे लिंगाची नोंद अनिवार्य आहे. ठाणे खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंची पिल्ले करडी दिसतात म्हणून पक्षिनिरीक्षक त्यांना वेगळी जात ठरवत नाहीत. तीच शिस्त येथेही हवी. पोकेमॉन गोमधील शॅडो पोकेमॉनभोवती (खेळातील खलनायकांच्या ताब्यातून सोडवलेल्या पोकेमॉनभोवती) जांभळट वलय असते आणि डोळे लाल होतात, पण ती अवस्था आहे. तिला रंगाच्या रकान्यात जागा देऊ नये.

पोकेमॉन शायनी आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. त्याचे माहितीपान उघडावे, तेथील चमकत्या ताऱ्यांचे चिन्ह पाहावे आणि मगच लिहावे. गेंगारचा शायनी साध्या गेंगारपासून ओळखता येणे जवळजवळ अशक्य आहे. त्याच शायनीचे मेगा रूप, म्हणजे काही काळापुरते येणारे अधिक बलवान रूप, मात्र लख्ख पांढरे असते. त्यामुळे मेगा असतानाचा रंग लिहायचा झाल्यास ‘मेगा’ हा शब्द रूपाच्या रकान्यात आलाच पाहिजे, नाहीतर वाचणारा पांढरा गेंगार शोधत बसेल. संध्याकाळनंतर अनेकांच्या फोनवर डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पिवळसर प्रकाशाची सोय आपोआप सुरू होते. रंग पाहून नोंद करताना ती बंद ठेवावी.

रंगाचे वर्णन अवयवानुसार करावे. ‘काळा चारिझार्ड’ एवढ्याने ओळख पटते, पण नोंद पुरी होत नाही. ‘अंग काळपट करडे, पंखांची आतली बाजू लालसर’ असे लिहिले, तर चित्राशी ताडून पाहता येते. मुख्य रंगासाठी लाल, निळा, पिवळा, हिरवा असे सर्वांचे मोजके शब्द ठरवून घ्यावेत आणि मोरपंखी, अबोली, आमसुली अशा छटा त्यापुढे लिहाव्यात. मला या छटा मनापासून आवडतात आणि त्या जरूर लिहाव्यात, पण एकाचा मोरपंखी दुसऱ्याचा निळा असतो, म्हणून शोध मुख्य रंगावरच चालला पाहिजे.

दुर्मिळतेसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा आणि त्यात पोकेमॉन कसा मिळाला ते लिहावे. शायनी प्रथम आले ते 1999 साली जपानमध्ये निघालेल्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांत. तेव्हा जंगलात शायनी भेटण्याची शक्यता सर्वसाधारणपणे 8,192मध्ये एक होती आणि 2013च्या एक्स आणि वायपासून ती 4,096मध्ये एक झाली. परंतु त्याच गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तलावात भेटणारा लाल ग्याराडॉस कथेनेच ठरवून दिलेला आहे आणि तो प्रत्येक खेळाडूसमोर येतो. तो आणि योगायोगाने सापडलेला लाल ग्याराडॉस दिसायला सारखेच असले, तरी अदलाबदलीत त्यांचे मोल सारखे धरले जात नाही. म्हणून ‘कथेत’, ‘जंगलात’, ‘अंड्यातून’ किंवा ‘अदलाबदलीत’ यांपैकी एक शब्द आणि खेळाचे नाव प्रत्येक शायनीपुढे असावे.

खेळातल्या खेळात पोकेमॉनला टोपणनाव देऊन हीच माहिती ठेवायची असेल, तर पोकेमॉन गोमध्ये 12 अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. तेथे रंग सोडून द्यावा, कारण तो समोर दिसतोच. रूप आणि मिळण्याची रीत यांची आद्याक्षरे तेवढी लिहावीत आणि त्या आद्याक्षरांचा अर्थ सामाईक यादीच्या पहिल्या ओळीत नोंदवून ठेवावा.