डिस्कॉर्डच्या बॉटला मराठी कमांड कशा द्यायच्या

ट्रेकिंगच्या ग्रुपचा डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर सर्व्हर, म्हणजे गप्पांची जागा, असेल तर हे रोजचंच आहे, कुठे भेटायचं, बॅगेत काय काय घ्यायचं, टॉर्च लागेल का, आणि लीडर मंडळी तेच उत्तर परत परत टाईप करतायत. त्यापेक्षा स्वतःचा छोटा बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, करा आणि त्याला /साहित्य, /भेट अशा तिरक्या रेषेने सुरू होणाऱ्या स्लॅश कमांड द्या. हो, थेट देवनागरीत! डिस्कॉर्डच्या कमांडच्या नावांच्या नियमात देवनागरी लिपीचा वेगळा उल्लेखच आहे, त्यामुळे काना, मात्रा, वेलांटी सगळं चालतं, आणि मला तरी मराठी ग्रुपमध्ये मराठीच कमांड हवी असं मनापासून वाटतं.

आधी डिस्कॉर्डच्या डेव्हलपर पोर्टलवर नवीन ॲप्लिकेशन बनवा, बॉटचं टोकन (त्याचा गुप्त पासवर्डच) घ्या, आणि इन्व्हाईट लिंक बनवताना 'बॉट' आणि 'ॲप्लिकेशन्स डॉट कमांड्स' दोन्हीवर टिक करा. उद्गारचिन्हाने चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कमांडना 2022 पासून मेसेज वाचायची वेगळी परवानगी लागते, स्लॅशवाल्यांना ती भानगड नाही.

पुढचं काम पायथनमध्ये, डिस्कॉर्ड डॉट पाय लायब्ररी घेऊन. प्रत्येक कमांडला एक नाव आणि एक वर्णन द्यायचं. नाव जास्तीत जास्त 32 अक्षरांचं, आणि ही मोजणी करताना काना-मात्राही वेगळ्या धरा. वर्णन 100 पर्यंत. नावात स्पेस चालत नाही, 'भेटीची-जागा' असा हायफन टाका. एक गोष्ट नीट बघा, 'पायऱ्या' सारख्या शब्दात काही कीबोर्ड र आणि य च्या मधे न दिसणारं जोडचिन्ह घालतात, ते नियमात बसत नाही आणि नाव रिजेक्ट होतं, डोळ्यांना मात्र शब्द अगदी बरोबर दिसत असतो म्हणून चूक सापडता सापडत नाही. सरळ दुसरा शब्द घ्या.

भाषांनुसार वेगळी नावं द्यायची सोय आहे पण त्या यादीत हिंदी आहे, मराठी नाही, म्हणून मूळ नावच मराठीत ठेवा. ज्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड नाही त्यांच्यासाठी रोमन अक्षरांत दुसरी कमांड करायची आणि दोघींना एकच फंक्शन लावायचं, कारण स्लॅश कमांडला टोपणनाव देता येत नाही.

उत्तरं कोडमध्ये नका लिहू, वेगळ्या जेसन फाईलमध्ये (साध्या मजकुराची डेटा फाईल) ठेवा आणि कमांड आली की ती वाचा, म्हणजे भेटायची जागा बदलली की फक्त एक ओळ बदलायची, बॉट रीस्टार्ट करायला नको. फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट लिहा, नाहीतर विंडोजवर मराठीचा पार चुराडा होतो. उत्तर 2000 अक्षरांच्या आत हवं आणि बॉटने 3 सेकंदांत काहीतरी प्रतिसाद द्यायलाच हवा. लांबलचक यादी असेल तर 'इफेमेरल' ऑन करा, मग ती विचारणाऱ्यालाच दिसते आणि गप्पा मधेच तुटत नाहीत.

शेवटी सिंक, म्हणजे कमांडची यादी डिस्कॉर्डला कळवणं. टेस्टिंगला कमांड फक्त तुमच्या सर्व्हरच्या आयडीवर सिंक करा, लगेच दिसतात. बॉट सुरू झाला की दर वेळी सिंक करू नका, कमांड बदलली तरच करा. कमांड कुठल्या चॅनलमध्ये कोणी वापरायची ते सर्व्हर सेटिंग्जमध्ये इंटिग्रेशन्सखाली ठरवता येतं. आणि टोकन कोडमध्ये ठेवून गिटहब या कोड ठेवायच्या साईटवर टाकू नका, चुकून गेलंच तर पोर्टलवर जाऊन ताबडतोब रीसेट करा.